बाँडवरचा प्लॉट घ्यावा का?

प्रश्न : काका, मी वाळूजला कंपनीत आहे, पगार 28 हजार. लग्न झालं तेव्हा 11 लाखांचा असलेला फ्लॅट आता 24 लाखांवर गेलाय. एजंट म्हणतो, गुंठेवारीतला (शेतजमिनीचे गुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेला) प्लॉट बाँडवर, म्हणजे स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घ्या. गावी वडिलांचं पक्कं घर आहे, म्हणून प्रधानमंत्री आवास योजनेतही बसत नाही म्हणे.

उत्तर : बाळा, त्या बाँडवर सही करू नकोस. बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर असताना नोटरीचे असे कागद छातीशी धरून आलेली माणसं मी पाहिलीत. पै-पै दिलेली, आणि सातबारा दुसऱ्याच्याच नावावर. नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मालकी नाही. शिवाय गुंठेवारी नियमित होते ती 31 डिसेंबर 2020 पर्यंतचीच. नवा तुकडा त्यात येत नाही.

वडिलांच्या घराची आडकाठी नाही. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. शहरी आवास योजना 2.0 मध्ये 35 लाखांपर्यंतच्या घराला, कर्ज 25 लाखांच्या आत असेल तर, पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के व्याज-अनुदान आहे. पाच हप्त्यांत जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार. घर 13 लाखांनी महागलं असताना ही मदत फार तोकडी आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरी सोडू नकोस. सूनबाईंच्या एकटीच्या नावावर घेतलंस तर मुद्रांक शुल्कही 1 टक्क्याने कमी लागेल.