भारत-चीनचे चलनसाठे एकाच आलेखावर मांडण्याआधी

तुम्ही 1991 पासूनचे भारत आणि चीनचे परकीय चलनसाठे एकाच आलेखावर मांडलेत आणि विचारलंत की भारताची रेघ इतकी तळाशी का, आणि सोन्यामुळे चित्र बदलतं का. आलेख मेहनतीने केलाय, पण त्यातल्या दोन रेघा एकच गोष्ट मोजत नाहीत. आधी ते नीट करू.

रिझर्व्ह बँक दर आठवड्याला जो आकडा देते त्यात चार घटक असतात: परकीय चलनातली मालमत्ता, सोनं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे एसडीआर (नाणेनिधीने सदस्य देशांना वाटलेलं, चलनात बदलता येणारं राखीव एकक) आणि नाणेनिधीतला आपला राखीव हिस्सा. 27 सप्टेंबर 2024 रोजी एकूण 704.9 अब्ज डॉलर होते, हा तेव्हाचा उच्चांक. त्यात परकीय चलन 616 अब्ज आणि सोनं जवळपास 66 अब्ज. चीनचा बातम्यांत झळकणारा आकडा, 2024 अखेरचे सुमारे 3,200 अब्ज, हा फक्त परकीय चलनाचा. सोनं तिथे वेगळ्या ओळीत असतं आणि त्याच वेळी ते सुमारे 191 अब्जांचं होतं. म्हणजे तुम्ही भारताचं सोनं धरलंत आणि चीनचं सोडलंत.

हा फरक किती महागात पडू शकतो ते आपल्याच 1991 च्या आकड्यांत दिसतं. मार्च 1991 अखेर आपली एकूण गंगाजळी 5.8 अब्ज डॉलर होती. ऐकायला अगदीच वाईट नाही. पण त्यातले सुमारे 3.5 अब्ज सोन्याचे. बिलं भागवायला हातात असलेलं चलन फक्त 2.2 अब्ज, आणि तेही पुढच्या काही महिन्यांत निम्म्यावर आलं. म्हणून आधी स्टेट बँकेमार्फत 20 टन सोनं परत विकत घेण्याच्या अटीवर विकलं गेलं आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं जवळपास 47 टन बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून गेलं, त्यावर सुमारे 40 कोटी डॉलर उभे राहिले. तुमच्या आलेखावर मात्र ते वर्ष एका सपाट रेघेत हरवून गेलंय, याचं मला खरंच वाईट वाटलं.

सोनं डॉलरमध्ये मांडूच नका, टनांत मांडा. नोव्हेंबर 2009 मध्ये आपण नाणेनिधीकडून 200 टन घेतलं ते 6.7 अब्ज डॉलरला. मार्च 2025 अखेरच्या भावाने त्याच 200 टनांचे सुमारे 20 अब्ज होतात. एक ग्रॅम न वाढता रेघ तिप्पट वर! टनांत पाहिलं तर दोन्ही मध्यवर्ती बँकांची चाल कळते. आपल्याकडे 2009 च्या खरेदीनंतर 557.75 टन होतं, ते 2017 अखेरपर्यंत जवळपास तेवढंच राहिलं. मग थोडं थोडं घेत मार्च 2025 अखेर 879.58 टनांवर गेलं. चीनने वेगळी रीत ठेवली: कित्येक वर्षं गप्प राहून एकदम जाहीर करायचं. 2009 मध्ये 600 वरून 1,054 टन, 2015 मध्ये थेट 1,658. त्यामुळे चीनच्या रेघेतल्या त्या पायऱ्या म्हणजे खरेदीच्या तारखा नव्हेत, जाहीर करण्याच्या आहेत. 2024 अखेर ते 2,280 टनांच्या आसपास होतं.

आता मूळ प्रश्न, रेघ तळाशी का. चीनचा साठा मुख्यतः निर्यातीच्या कमाईतून उभा राहिला; 2007 च्या सुमारास त्यांचं चालू खात्यावरचं (म्हणजे वस्तू-सेवांचा व्यापार, परदेशातून येणारं उत्पन्न आणि पाठवलेले पैसे यांच्या हिशेबातलं) आधिक्य जीडीपीच्या 10 टक्क्यांच्या घरात होतं. आपलं चालू खातं 2001 ते 2004 आणि 2020-21 असे मोजके अपवाद सोडले तर तुटीतच राहिलंय. आपला साठा बाहेरून आलेल्या भांडवलाचा: परकीय गुंतवणूक, कर्जं, अनिवासी भारतीयांच्या ठेवी. 2013 मध्ये रुपया घसरला तेव्हा एफसीएनआर ठेवींच्या (अनिवासी भारतीयांनी परकीय चलनात ठेवलेल्या) खास योजनेतून 26 अब्ज डॉलर आणले. ते साठ्यात दिसले, पण तीन वर्षांनी परत करायचे होते. माझ्या मते दोन रेघांच्या उंचीपेक्षा हा फरक कितीतरी महत्त्वाचा आहे.

कमावलेला साठाही अढळ नसतो. जून 2014 मध्ये चीनकडे 3,990 अब्ज होते, जानेवारी 2017 मध्ये 3,000 च्या खाली. ऑगस्ट 2015 च्या अवमूल्यनानंतर भांडवल बाहेर धावलं आणि युआन सावरायला डॉलर विकावे लागले. शिवाय त्या काळात डॉलर वधारल्यामुळे युरो-येनमधली मालमत्ता कागदावरच घटली. आपल्या 2022 च्या घसरणीतही हा मूल्यांकनाचा वाटा मोठा होता, सगळीच डॉलरविक्री नव्हती.

तेव्हा नवा आलेख करताना परकीय चलन वेगळं, सोनं टनांत वेगळं, आणि तिसऱ्या तक्त्यात साठा किती महिन्यांच्या आयातीला पुरेल आणि वर्षभरात फेडायच्या परकीय कर्जाच्या किती पट आहे, हे घ्या. 1991 च्या मध्यात आपल्याकडे जेमतेम तीन आठवड्यांची सोय होती, 2024 मध्ये 11 महिन्यांच्या आसपास. हा बदल अब्जांच्या रेघेत दिसणारच नाही. जमलं तर रिझर्व्ह बँकेच्या मासिक बुलेटिनमधून वायद्यात विकलेले, म्हणजे पुढच्या तारखेला द्यायचं कबूल केलेले, डॉलरही काढा. 2025 च्या सुरुवातीला ते 80 अब्जांच्या वर होते आणि जाहीर साठ्यातून वजा केलेले नसतात. चीनच्या बाजूने 2007 मध्ये चायना इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशनला (चीनच्या सरकारी गुंतवणूक निधीला) दिलेले 200 अब्ज उलट साठ्याबाहेर गेलेत, त्याची तळटीप द्या.