वाचकांचे प्रश्न : परक्या मुलांसाठी उघडलेली दारे

प्रश्न : आमच्या रामबागेतील वाचक मंडळात गेल्या महिन्यात दुसऱ्या महायुद्धावर चर्चा झाली. युरोपातील काही ख्रिस्ती कुटुंबांनी ज्यू निर्वासित मुलांना आपल्या घरी लपवून वाचवले आणि ते त्यांनी धर्मश्रद्धेमुळे केले, असे एका सभासदांनी सांगितले. त्यावर दुसऱ्यांनी विचारले, की त्या मुलांना पकडून नेणारेही बाप्तिस्मा घेतलेलेच होते, मग श्रद्धेला श्रेय कसे द्यायचे? वाद मिटला नाही. श्रद्धेने या लोकांना खरोखर काही दिले का, आणि दिले असल्यास नेमके काय दिले, हे सांगावे.
— एक निवृत्त शिक्षिका, इंदूर

उत्तर : दुसऱ्या सभासदांचा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. नाझी राजवटीतही जर्मनीचे बहुसंख्य नागरिक कोणत्या ना कोणत्या चर्चचे नोंदलेले सदस्य होते, आणि ज्यूंविषयीचा द्वेष युरोपात कित्येक शतके उपदेशाच्या व्यासपीठावरूनही पेरला गेला होता. अमेरिकेतील सॅम्युएल आणि पर्ल ऑलिनर या अभ्यासक दांपत्याने ज्यूंना वाचवणाऱ्या चारशेहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाचवणारे लोक इतरांपेक्षा ठळकपणे अधिक धार्मिक होते, असे त्यांना आढळले नाही. सॅम्युएल ऑलिनर बारा वर्षांचे असताना पोलंडमध्ये त्यांचे कुटुंब मारले गेले होते आणि एका ख्रिस्ती शेतकरी बाईच्या मदतीमुळे ते स्वतः वाचले होते, तेव्हा हा निष्कर्ष त्यांनी श्रद्धेविषयीच्या आकसातून काढला असेही म्हणता येत नाही.

असे असूनही मी श्रद्धेला श्रेय देतो. कोणत्या श्रद्धेला, हे एका गावाच्या उदाहरणावरून सांगणे मला सोपे वाटते.

दक्षिण-मध्य फ्रान्समधील डोंगरपठारावर ल शांबों-सूर-लिन्यों नावाचे गाव आहे. कॅथलिक फ्रान्समधल्या या गावातील बहुतेक लोक प्रोटेस्टंट, म्हणजे ह्युगनॉट परंपरेतले. १५९८ च्या नांतच्या फर्मानाने त्यांच्या पूर्वजांना उपासनेची मोकळीक मिळाली होती. ती फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६८५ मध्ये काढून घेतली. त्यानंतर शंभर वर्षे हे लोक रानावनात, दऱ्यांमध्ये चोरून जमत आणि स्तोत्रे गात. पकडलेल्या पुरुषांना जहाजांवर वल्ही मारायला धाडत आणि स्त्रियांना कोठडीत टाकत. मारी द्युराँ नावाची तरुणी १७३० मध्ये एग-मोर्त येथील बुरुजात कैद झाली आणि आपली श्रद्धा सोडण्याचे नाकारून अडतीस वर्षे तिथेच राहिली. त्या बुरुजाच्या दगडावर ‘प्रतिकार करा’ अशा अर्थाचा एक शब्द कोरलेला आहे आणि तो तिनेच कोरला असे परंपरा मानते. आपल्या इंदूरच्या जुन्या मराठी घरांत होळकरांच्या काळात पूर्वज दक्षिणेतून इकडे कसे आले, कुठे उतरले, त्यांना कोणी आसरा दिला, हे सणासुदीला आजही सांगितले जाते. शांबोंच्या घरांतही अशीच आठवण जपली जात होती, फक्त ती छळाची आणि लपण्याची होती. राजाचे शिपाई दारात आल्यावर काय करायचे, हे त्या लोकांनी आजोबा-पणजोबांच्या गोष्टींतून आधीच ऐकलेले होते.

२२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीशी युद्धबंदीचा करार केला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. गावचे पाळक, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरू, आंद्रे त्रोकमे आणि त्यांचे सहकारी एदुआर तेस यांनी त्या उपासनेत सांगितले, की आपल्या सदसद्विवेकावर बळजबरी होईल तेव्हा आत्म्याच्या शस्त्रांनी तिला विरोध करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. पराभवाच्या दुसऱ्याच दिवशी, ज्यू मुलांचा प्रश्न गावात येण्याच्या आधी, हे बोलले गेले, याला माझ्या मते फार महत्त्व आहे. वेळ आली तेव्हा गावाला नव्याने विचार करावा लागला नाही.

वेळ लवकरच आली. दक्षिण फ्रान्समधील ग्यूर, रिव्हसाल्त अशा छावण्यांत परदेशातून आलेल्या ज्यू कुटुंबांना कोंडले जात होते. त्रोकमे यांची इच्छा त्या छावण्यांत जाऊन सेवा करण्याची होती आणि त्यासाठी ते मार्सेय येथे क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मदतकार्यात असलेल्या बर्न्स चामर्स यांना भेटले. चामर्स यांनी त्यांना सांगितले, की मुलांना छावणीबाहेर काढणे आम्हाला कधीकधी जमते, पण त्यांना ठेवून घेणारे गाव कुठेच मिळत नाही. तुमचे गाव ते होईल का? यातूनच शांबोंमध्ये मुलांसाठी एकामागून एक घरे उभी राहिली. त्यांचा खर्च क्वेकर, स्वित्झर्लंडची बालसाहाय्य संस्था आणि इतर काही संघटना उचलत. पठारावरच्या शेतघरांतही मुले ठेवली गेली. मुलांचे शिक्षण खंडित झाले नाही. खोटी ओळखपत्रे बनवणारी माणसेही गावातच होती, आणि हा खोटेपणा पाळकांच्या मनाला शेवटपर्यंत बोचत राहिला. ऑगस्ट १९४२ मध्ये पोलीस बसगाड्या घेऊन आले आणि ज्यूंची यादी मागू लागले, तेव्हा त्रोकमे यांनी ती देण्यास नकार दिला. ज्यू म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, मला फक्त माणसे ठाऊक आहेत, असे ते म्हणाल्याचे सांगतात. बसगाड्या जवळजवळ रिकाम्याच परतल्या. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्रोकमे, तेस आणि शाळेचे मुख्याध्यापक रोजे दार्सिसाक यांना अटक झाली. त्याच वर्षी २९ जूनला जर्मन पोलिसांनी विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहावर छापा घातला. त्रोकमे यांचे नातलग दानिएल हे तिथले प्रमुख होते. ते आपल्या विद्यार्थ्यांसोबत गेले आणि एप्रिल १९४४ मध्ये मायदानेकच्या छळछावणीत मरण पावले.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. या गावात सर्वांची श्रद्धा एकसारखी नव्हती. त्रोकमे अहिंसावादी होते आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा शब्दशः अर्थ घेणारे होते. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकात निरपराध माणसाचे रक्त सांडू नये म्हणून आश्रयाची नगरे राखून ठेवण्याची आज्ञा आहे, ती आपल्या गावालाच केलेली आहे असे ते मानत. पठारावरच्या डार्बी या छोट्या प्रोटेस्टंट पंथाच्या शेतकऱ्यांच्या लेखी ज्यू हे देवाने निवडलेले लोक होते. अब्राहाम, मोशे आणि दावीद यांच्या ज्या कथा ते रोज संध्याकाळी वाचत, त्यांच्याच वंशातले मूल दारात उभे राहिल्यावर त्याला परके म्हणणे त्यांना शक्यच नव्हते. त्रोकमे यांच्या पत्नी मागदा मात्र स्वतःला फारशा धार्मिक समजत नसत. १९४०-४१ च्या हिवाळ्यात बर्फात कुडकुडत एक जर्मन ज्यू स्त्री त्यांच्या दाराशी आली, तेव्हा त्यांनी तिला लगेच आत घेतले. त्यामागे आपण कोणताही सिद्धान्त पाहिला नाही, असे त्या पुढे सांगत. एकाच घरात नवरा आज्ञा म्हणून दार उघडतो आणि बायको सहज म्हणून उघडते, हे पाहिले म्हणजे श्रद्धेचा हिशोब किती सांभाळून करावा लागतो ते कळते.

तरीही मागदाबाईंच्या मागे गाव उभे होते आणि ते गाव श्रद्धेने बांधलेले होते. त्रोकमे यांनी बायबल वाचनाची तेरा लहान मंडळे चालवली होती. त्यांचे प्रमुख दर पंधरवड्याला पाळकांना भेटत, एका उताऱ्यावर चर्चा करत आणि तीच चर्चा आपापल्या वस्तीत नेत. मुलाला एक रात्र आसरा देणे वेगळे आणि दोन-तीन वर्षे सांभाळणे वेगळे. त्यासाठी शिधापत्रिका लागते, धोका दिसताच पुढच्या शेतघरापर्यंत नेणारा माणूस लागतो आणि शेजारी तोंड उघडणार नाही याची खात्री लागते. ती खात्री या मंडळांनी दिली. उपासनेला जाणारी पण एकमेकांना न ओळखणारी माणसे आणि ही माणसे यांच्यात मला फरक दिसतो तो इथे.

आणखी एक गोष्ट श्रद्धेने दिली, ती म्हणजे स्वतःच्या मनाविरुद्ध जाण्याचे बळ. पोलिश लेखिका झोफिया कोसाक या निष्ठावंत कॅथलिक होत्या, आणि ज्यूंविषयी त्यांची मते चांगली नव्हती. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांनी गुप्तपणे छापलेल्या पत्रकात ती मते लपवलीही नाहीत. परंतु खून होत असताना जो गप्प राहतो तो त्या खुनाचा भागीदार होतो आणि देव हे मौन मान्य करणार नाही, असे त्यांनी त्याच पत्रकात लिहिले. त्याच वर्षी ज्यूंच्या मदतीसाठी जी गुप्त समिती स्थापन झाली आणि पुढे ‘झेगोटा’ या नावाने ओळखली गेली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. त्यांची भावना बदलली नव्हती, पण आज्ञा भावनेपेक्षा मोठी ठरली. हे उदाहरण मला अस्वस्थ करते, आणि तरी श्रद्धेच्या बाजूने यापेक्षा भक्कम पुरावा मला माहीत नाही. ज्याला ज्यू आवडतात त्याने ज्यूंना वाचवावे यात श्रद्धेचे काम थोडेच उरते.

पोलंडमधीलच मार्कोवा गावच्या युझेफ आणि विक्टोरिया उल्मा या शेतकरी दांपत्याने आठ ज्यूंना घरात लपवले होते. २४ मार्च १९४४ रोजी जर्मन शिपायांनी त्या आठ जणांना, गरोदर असलेल्या विक्टोरियाला, युझेफला आणि त्यांच्या सहा मुलांना ठार मारले. त्यांच्या घरातील बायबलमध्ये चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचा, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या येशूने सांगितलेल्या गोष्टीचा, मथळा अधोरेखित केलेला सापडला आणि त्याशेजारी पोलिश भाषेत एकच शब्द लिहिलेला होता : ‘होय’.

प्रश्न : ज्यू मुलांना वाचवण्यामागे त्यांना ख्रिस्ती करून घेण्याचा हेतू होता, असे मी ऐकले आहे. यात तथ्य किती?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, इंदूर

उत्तर : काही ठिकाणी पूर्ण तथ्य आहे. लपलेल्या मुलाला ख्रिस्ती प्रार्थना पाठ असणे आणि त्याच्याजवळ बाप्तिस्म्याचा दाखला असणे ही जीव वाचवण्याची गरज होती; पोलीस मुलांना प्रार्थना म्हणायला लावत. परंतु धोका टळल्यानंतरही काहींनी मुले परत केली नाहीत. फ्रान्समधील फिनाली बंधूंच्या आईवडिलांना १९४४ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत नेण्यात आले. ज्या बाईंनी या दोन मुलांना सांभाळले त्यांनी १९४८ मध्ये, म्हणजे युद्ध संपून तीन वर्षे झाल्यावर, त्यांना बाप्तिस्मा दिला, आणि मुलांची आत्या त्यांना मागत असताना काही धर्मगुरूंनी आणि जोगिणींनी त्यांना लपवत लपवत स्पेनपर्यंत पोहोचवले. १९५३ मध्ये ती मुले नातलगांकडे परतली. ज्यांनी मुलांचे प्राण वाचवले त्यांचे ऋण मान्य करूनही मी याला अन्यायच म्हणेन, कारण आईवडील गेल्यानंतर त्या मुलांकडे त्यांचे असे जे उरले होते, तेच यात काढून घेतले गेले.

याच्या उलट वागणारेही होते आणि त्यांची श्रद्धा कमी नव्हती. डिसेंबर १९३८ पासून युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुले, बहुतांशी ज्यू, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियातून ब्रिटनमध्ये आणली गेली. ब्रिटनच्या गृहमंत्र्यांना २१ नोव्हेंबर १९३८ रोजी भेटलेल्या शिष्टमंडळात ज्यू नेत्यांबरोबर क्वेकरही होते. ख्रिस्ताडेल्फियन या लहानशा पंथाने त्यांतील सुमारे अडीचशे मुले सांभाळली. देवाने अब्राहामाला दिलेले वचन ज्यूंच्या बाबतीत आजही लागू आहे, अशी या पंथाची शिकवण आहे. साहजिकच ज्यू मुलाने ज्यू राहणे त्यांना आपल्या श्रद्धेशी सुसंगतच वाटे. बर्मिंगहॅममध्ये या पंथाच्या मदतीने ज्यू मुलांचे एक वसतिगृह चालत असे आणि तिथे मुलांना त्यांच्याच धर्माचे शिक्षण मिळे. वॉर्सामध्ये झेगोटाच्या बालविभागाचे काम पाहणाऱ्या इरेना सेंडलर यांनी कॅथलिक मठांत आणि घरांत ठेवलेल्या मुलांची खरी नावे चिठ्ठ्यांवर लिहून बरणीत घातली आणि ती बरणी मैत्रिणीच्या बागेत पुरून ठेवली. त्या स्वतः डाव्या विचारांच्या होत्या, पण मुलांना स्वीकारणाऱ्या जोगिणींच्या धैर्याविना त्यांची योजना चाललीच नसती.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळही ज्यू मुलांची छावणी होती ना?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, पण ते प्रामुख्याने कॅथलिक होते, सोव्हिएत सत्तेने त्यांना पोलंडमधून हद्दपार केले होते. त्याआधी १९४२ मध्ये नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला. आश्रय देणारा राजा हिंदू होता, आणि छावणीचा कारभार त्याने फादर फ्रान्चिशेक प्लुता या पोलिश कॅथलिक धर्मगुरूंच्या हाती राहू दिला.