क्वेंटिन ब्लेकची चित्रं इतकी कच्ची दिसतात, तरी तो मोठा चित्रकार कसा? मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची तर आधी काय शिकू?

‘कच्ची’ म्हणालात म्हणून लिहायला बसले. या शब्दावरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद चाललाय.

माझे थोरले काका कोल्हापुरात सिनेमाचे बॅनर रंगवायचे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या कोल्हापूरच्याच चित्रकारांना सोडून तिसरं नाव काढलं की कपाळाला आठी. मला मुलांच्या एका गोष्टीचं काम मिळालं होतं. शेळी भिंतीवरचं कॅलेंडर खाऊन पळते, अशी गोष्ट. शेळी मी टाकाच्या चार-दोन फटकाऱ्यांत काढली, मागचे पाय नुसते हवेत भिरकावलेले. चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात काकांनी दुसऱ्या कागदावर तीच शेळी ‘नीट’ काढून ठेवली. गुडघे, खूर, पोटाखालची सावली, सगळं बिनचूक. फक्त ती पळायची थांबली होती! मी दोन्ही कागद पाठवून दिले. छापून आली माझी. काकांच्या मते संपादकाला चित्रातलं कळत नाही.

आता ब्लेक. तो कच्चं रेखाटन लाइटबॉक्सवर, म्हणजे आतून दिवा लावलेल्या काचेच्या पेटीवर ठेवतो, वर जलरंगाचा जाड कागद. खालचं पुसट दिसतं, पण तो ते गिरवत नाही, त्याच्या अंदाजाने टाकाने नव्याने काढतो. म्हणून रेष ताजी राहते. जलरंग नंतर. सोळाव्या वर्षी ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकात त्याचं चित्र छापून आलं, केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकला, १९७८ पासून मुलांसाठी लिहिणाऱ्या रोआल्ड डालच्या पुस्तकांची चित्रं, १९९९ साली ब्रिटनचा पहिला चिल्ड्रन्स लॉरिएट, म्हणजे मुलांच्या पुस्तकांसाठीचा मानाचा किताब. पदवी चित्रकलेची नाही, हे मी काकांना मुद्दाम ऐकवलंय. पुढे तो चेल्सीच्या आर्ट स्कूलमध्ये मॉडेल बघून रेखाटन करायला जायचा, ते मात्र सांगितलेलं नाही.

तेव्हा रेखाटन चुकवू नका. पण पुतळ्यांवर हात बसवू नका. कोल्हापुरात असाल तर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जा, तिथे समोर म्हशींची धार काढतात. उभी म्हैस कुणालाही जमते, ती शेपटी मारते तेव्हा काढा. घरात कुणी चित्र दुरुस्त करून द्यायला लागलं तर सरळ कागद उचला.

आणि सुटं एक चित्र सुंदर काढणं म्हणजे पुस्तक नव्हे. ३२ पानांत एकच पोरगं पाठमोरं, झोपलेलं, भोकाड पसरलेलं काढायचं आणि प्रत्येक पानावर ते तेच वाटलं पाहिजे. एवढं करून बघा. त्यात शेडिंग काडीचं कामाला येत नाही.