परसू राखायला रविवारची सकाळ

प्रश्न : फोंड्याजवळ घरामागे चार गुंठे परसू आहे. माड, केळी, मिरी, जास्वंद, थोडी भाजी. आम्ही दोघेही नोकरीला जातो, हातात रविवारची सकाळ तेवढी. पावसात रान माजतं, एप्रिलमध्ये झाडं माना टाकतात. काय करावं?

उत्तर : रविवारची सकाळ पुरते, पण मेहनत एप्रिलमध्ये नको, ऑक्टोबरात करा. आपल्याकडचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडून जातो आणि जांभ्याची माती पाणी फार दिवस धरत नाही. म्हणून पाऊस ओसरताच, ओल आहे तोवर झाडांच्या बुंध्याभोवतीची आळी झाकायची. सुकी पानं, झावळ्यांचे तुकडे, कापलेलं गवत, जे असेल ते चार बोटं जाड पसरा. बुंध्यापासून मात्र वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते आणि वाळवी लागते. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) पालथी मांडा. उताणी ठेवली तर अवकाळी सरीचं पाणी साचून त्यात डास होतात. कोरड्या मातीवर आच्छादन घालू नका, हलका शिडकावा वरच्या वर अडकतो आणि मुळं तहानलेलीच राहतात. पानं जाळणं तर आजच थांबवा, तो तुमचा फुकटचा खत-साठा आहे.

रोज थोडं शिंपडण्याऐवजी आठवड्यातून दोनदा सावकाश, भरपूर पाणी द्या. मुळं खाली उतरतात. नव्या रोपाशेजारी पाचेक लिटरचं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं, तर पाणी आपोआप झिरपतं. ठिबक बसवलं तर गाळणी दर रविवारी धुवा. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर लालसर गाळ नळ्यांची तोंडं बुजवतो.

पावसाळ्यात कुदळीने रान उपटू नका, उतारावरची सुटी माती वाहून जाते. बी धरण्याआधी कोयत्याने कापा आणि तिथेच टाका. आपली माती आंबट असते, म्हणून मे महिन्यात माडाला किलोभर चुना द्या. शेणखत त्यानंतर दोन आठवड्यांनी, पहिल्या सरी पडून गेल्यावर. भर आषाढात घातलेलं खत पाण्याबरोबर जातं.

प्रश्न : पणजीत बाल्कनीतल्या कुंडीतला कढीपत्ता पावसाळ्यात दरवर्षी पिवळा पडतो. खत दिलं तरी सुधारत नाही.

उत्तर : भूक नाही, मुळं गुदमरली आहेत. अशा वेळी खत दिलं तर उरलीसुरली मुळंही भाजतात. खालची ताटली काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा, भोकं काडीने मोकळी करा, सरळ पावसातून आत ओढा. काडी दोन इंच आत खुपसून कोरडी निघाली तरच पाणी. तळाशी खडी घालण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्याने निचरा वाढत नाही, साचलेलं पाणी उलट मुळांच्या जवळ येतं. मिश्रणच मोकळं हवं : दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग नदीची जाड रेती. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुना असतो.

प्रश्न : जास्वंदीच्या कळ्यांवर पांढरा कापूस आणि मुंग्यांची रांग. (म्हापसा)

उत्तर : तो पिठ्या ढेकूण. त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला राखतात. फार भरलेली शेंडी कापून पिशवीत बांधून टाका, बाकीवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग ५ मिली कडुनिंबाच्या तेलात २ मिली पातळ साबण घोटून १ लिटर पाण्यात मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. साबणाविना तेल पाण्यावर तरंगतं आणि पानं भाजतं. आठ-आठ दिवसांनी तीनदा करा, कारण अंडी एका फवारणीत मरत नाहीत. भिंतीला टेकलेली फांदीही छाटा, मुंग्यांचा पूल तोच असतो.