जुन्या बुलेटच्या मेंटेनन्सच्या याद्यांमध्ये आकडे वेगवेगळे का असतात? कुठली यादी खरी धरायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९९१ची बुलेट ३५० तुमच्याकडे आली, ओळखीतून दोन याद्या मिळाल्या, एकीत कॉन्टॅक्ट पॉइंटची (उघडला की प्लगला ठिणगी पाडणाऱ्या स्विचची) गॅप ०.३८ मिमी आणि दुसरीत ०.१५. मालक लोक आपापसांत फिरवतात ती माहिती भरवशाची मानायची, की गप गॅरेजला टाकायची?

दुसऱ्या यादीच्या तळाशी ‘आधी चहा, मग टॅपेट’ असं लिहिलंय म्हणता ना? मग ती यादी माझी. ०.१५ची चूकही माझीच. गॅप ०.३५ ते ०.४० मिमीच्या मध्ये ठेवा, आणि मग बाकीचं सावकाश वाचा.

आम्ही साताऱ्याकडचे बारा-पंधरा जण. सगळ्यांकडे जुनं बिडाचं इंजिन आणि उजव्या पायाचे गियर. रविवारी एकाच्या अंगणात जमायचो. प्रत्येकाची माहिती वेगळ्या खाणीतली: कुणाला वडिलांनी सांगितलेली, कुणाला मिस्त्रीने, कुणी चुका करून शिकलेला. यादी लिहायची वही माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं आणि हात काळे करायचा मला कंटाळा. एक काका, आयुष्यभर वर्कशॉपमध्ये काढलेले, म्हणाले, “पॉइंट पंधरावर ठेवा.” मी लिहिलं, ०.१५ मिमी.

काकांच्या डोक्यात होते पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. मिलिमीटरमध्ये ते ०.३८ होतात. ही गाडी मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. १९५५मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली तेव्हा मापंही इंचातलीच आली. जुने फिटर अजून सुतात आणि थाऊत बोलतात, आणि बोलताना ‘थाऊ’ शब्द गिळून टाकतात. समोरच्याला कळतंच ना! मला नाही कळलं.

गॅप इतकी कमी ठेवली की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे ठिणगीही उशिरा पडते. गाडी ओढत नाही, इंजिन तापतं, इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा बेंड पाइप निळा पडायला लागतो. शिवाय पॉइंट जळतात ते वेगळंच. आमच्यातल्या दोघांच्या गाड्या खंबाटकी चढताना रडायला लागल्या. एकाने प्लग बदलला, मग कंडेन्सर, मग कार्बोरेटर दोनदा साफ केला. दुसऱ्याने तर हेड उतरवलं. वहीवर संशय कुणालाच आला नाही, कारण दोघांचंही वहीप्रमाणे ‘बरोबर’ होतं.

चूक सापडली ती एका टर्नर मुलामुळे. तो एमआयडीसीत लेथवर असतो, स्वतःचं फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचा जुडगा, खिशात घेऊन फिरतो. त्याने पॉइंटचं झाकण काढलं, किक हाताने हळूहळू दाबत पॉइंट पुरते उघडेपर्यंत इंजिन फिरवलं आणि पातं घालून पाहिलं. बारीक पातंसुद्धा अडकलं. मग त्याने गेजचं एक पातं काढून माझ्यापुढे धरलं. त्यावर एका ओळीत .०१५ आणि खाली ०.३८ असं दोन्ही कोरलेलं. “काकांचं पंधरा बरोबर आहे,” तो म्हणाला, “पण इंचाचं.” काका लगेच उसळले, “मी मिलिमीटर म्हणालो कधी?” खरंच नव्हते म्हणाले.

वहीतला आकडा सुधारायला मिनिट लागलं. पण तोवर झेरॉक्स किती गेल्या होत्या कोण जाणे. मिस्त्रीची चूक त्याच्या गॅरेजपुरती राहते. आमची झेरॉक्सवर बसून थेट कोकणात उतरते. मला वाटत होतं नवी स्वच्छ यादी करावी आणि जुनी फेकून द्यावी. टर्नर मुलगा नको म्हणाला. पुढे कराडचा एक जण जुनी झेरॉक्स घेऊन आला आणि विचारायला लागला की माझ्यात पंधरा, तुमच्यात अडतीस, खरं कुठलं? तेव्हा मुलाचं म्हणणं पटलं. नुसता नवा आकडा दाखवला तर त्याच्यापुढे एक यादी विरुद्ध दुसरी यादी, एवढंच उरतं. म्हणून आता जुना आकडा खोडत नाही; त्यावर एक रेघ मारतो आणि शेजारी लिहितो की काय चुकलं, कुणी मोजलं, कुठल्या गाडीवर, इंजिन गार होतं की तापलेलं.

तुमच्या यादीत ऑइलची ओळ बघा. ‘पट्टीवर कमी दिसलं तर वरच्या खुणेपर्यंत टाकावे’ असं असेल; पट्टी म्हणजे टाकीतलं ऑइल मोजायची. त्यावरही आमच्याकडे आता रेघ आहे. या इंजिनाची ऑइलची टाकी क्रँककेसच्याच मागच्या भागात असते. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की ऑइल पंपातून झिरपत पुढे क्रँकच्या खाली उतरतं. पट्टी कोरडी दिसते आणि आपण बाटली उघडतो. मग गाडी चालू झाली की ते सगळं ऑइल परत येतं, टाकी वाजवीपेक्षा भरते आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून, बाहेर फेकलं जातं. लोक म्हणतात, बुलेट आहे, ऑइल गळणारच.

आम्ही हे करून पाहिलं. तीन आठवडे न हललेली गाडी, पट्टी पुसून घातली तर ऑइल खालच्या खुणेवर. थेंबही न टाकता पाच मिनिटं चालू ठेवली, थोडं थांबलो, परत पट्टी घातली: वरच्या खुणेला भिडलेलं. पुढच्या रविवारी दुसऱ्या गाडीवर तेच केलं तर पट्टी जागची हलली नाही. त्या गाडीच्या पिस्टनच्या रिंगा गेलेल्या होत्या, ती खरोखरच ऑइल पीत होती. हेही वहीत लिहिलंय, नाहीतर पुढचा माणूस ‘चालू केल्यावर येतं वर’ म्हणत कोरडी गाडी पळवेल.

टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या फटीला, आमच्या पहिल्या यादीत ०.०५ मिमी होतं. ते कुणाच्या तरी १०० सीसीच्या गाडीतून आलेलं असणार. तुमच्या इंजिनात फिलर गेजचं कामच नाही. इंजिन पूर्ण गार, पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आलेला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. उजव्या बाजूचं छोटं झाकण काढायचं आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला लावणारी दांडी) दोन बोटांत धरायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. जुळवायला तीन स्पॅनर लागतात आणि दोनच हात असतात, चहा त्यासाठी. गरम इंजिनावर हे करू नका, माप खोटं येतं.

आणि हीच ओळ वाचून एकाने आपल्या २०११च्या क्लासिकवर टॅपेट शोधायला सुरुवात केली होती! त्या यूसीई (इंजिन आणि गियरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या नव्या) इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक असतात, जुळवायला काही नसतंच. चूक त्याची नव्हती. वरती फक्त ‘बुलेट ३५०’ लिहिलेलं, आणि त्या नावाखाली इतक्या वर्षांत इंजिनं बदललीत. तेव्हापासून प्रत्येक ओळीपुढे साल आणि इंजिन लिहितो.

गॅरेजला टाकायची का? जरूर टाका, पण मिस्त्रीला आकडा विचारू नका, करताना शेजारी उभे राहा. चांगल्या मिस्त्रीचा हात आकड्यापेक्षा शहाणा असतो. तो तुमची यादी वाचणार नाही आणि काम बरोबर करेल. आमच्या निम्म्या दुरुस्त्या मिस्त्रीचं काम बघून झाल्यात. एवढंच की नव्या पोरांना पॉइंट ठाऊक नसतात, त्यामुळे जुना माणूस गाठा.

एक ओळ अजून मिटलेली नाही: चार गियरच्या जुन्या गियरबॉक्समध्ये काय घालायचं. मूळ पद्धत पातळ ग्रीसची. आमच्यातले काही ग्रीसमध्ये ९० नंबरचं ऑइल मिसळतात, दोघे नुसतं ऑइल घालतात आणि किकच्या बाजूने गळतंय म्हणून तक्रारही तेच करतात. वहीत तिन्ही लिहिलंय, नावानिशी. तुमच्या वडिलांनी काय घातलं होतं ते झाकण उघडल्यावर कळेलच. बोटावर घेऊन बघा आणि इथे खाली लिहा, सालासकट. आणि तुमच्या झेरॉक्सवर आत्ताच्या आत्ता ०.१५वर पेनाने रेघ मारा.