वाचकांचे प्रश्न : सकाळच्या किकला दम नसलेली बुलेट

प्रश्न : काका, वडिलांची १९७८ सालची बुलेट ३५० गेल्या दिवाळीत पूर्ण उघडून बांधली. ब्लॉक बोअर करून नवा पिस्टन टाकला, दोन्ही व्हॉल्व्ह नवे घातले, सीट कटिंग केलं, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कड नव्याने कापली. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली फट, म्हणजे गॅप, ठरवणारे स्क्रू) वाजू नयेत म्हणून फिटरने ते जरा घट्टच ठेवले. पहिले चारशे किलोमीटर गाडी छान चालली. आता सकाळी गार इंजिनवर किक मारली की पाय सरळ खाली जातो, कॉम्प्रेशनच लागत नाही. पंधरा-वीस किकांनी चालू होते आणि गरम झाल्यावर बरी पळते, पण उतारावर सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात. टॅपेट सैल करायला गेलो तर एक्झॉस्टच्या स्क्रूचे आटे संपले आहेत, आणखी खाली जायला जागाच नाही. फिटर म्हणतो, ब्लॉकखाली एकाऐवजी दोन पॅकिंग घालू. घालावीत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नका घालू. पॅकिंग वाढवलं की ब्लॉक आणि हेड दोन्ही वर उचललं जातं. एक्झॉस्टला जागा मिळेल हे खरं, पण इनटेकची सेटिंगही बिघडेल आणि नव्या पिस्टनवर खर्च करून मिळवलेलं कॉम्प्रेशन कमी होईल. शिवाय मूळ दुखणं आत तसंच राहील.

गार असताना दम नाही आणि गरम झाल्यावर सुधारते, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. बुलेटचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. पुशरॉड ही टॅपेटची हालचाल वर रॉकरपर्यंत नेणारी दांडी, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. इंजिन तापलं की ब्लॉक आणि हेड मिळून पुशरॉडपेक्षा जास्त वाढतात, म्हणून तापल्यावर टॅपेटची गॅप वाढते. याच कारणाने या इंजिनात गार असताना गॅप शून्य ठेवतात. गार इंजिनात तुमची एक्झॉस्टची पुशरॉड ताणलेली आहे, व्हॉल्व्ह सीटवर टेकतच नाही. तापल्यावर ढील मिळते आणि तो कसाबसा बसतो.

पण हेडला हात लावण्याआधी पाच मिनिटं डिकॉम्प्रेसरला, म्हणजे किक सोपी व्हावी म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हला द्या. त्याची केबल ताणलेली असेल तर तो छोटा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि किकला तसाच दम लागत नाही. केबल सोडवून किक मारून बघा. फरक पडला नाही तर पुढे चला.

आता इनटेकचा स्क्रू कुठे आहे ते बघा. एक्झॉस्टचा पार खाली आणि इनटेकचा पार वर आलेला असेल, तर बांधताना पुशरॉडची अदलाबदल झाली आहे. दोन्हींची लांबी सारखी नसते. टाकी उतरवायची, रॉकर सोडायचे, रॉड जागच्या जागी घालायच्या, काम झालं. फक्त रॉकरच्या बेअरिंगचे वरचे-खालचे तुकडे जोडीने बोअर केलेले असतात. त्यांना खुणा करा, एकाचा तुकडा दुसऱ्याला लावू नका.

इनटेकचा स्क्रू नेहमीच्या जागी असेल, तर मात्र हेड उतरवा. जुना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टाकून दिला नसेल अशी आशा आहे. काचेच्या तुकड्यावर जुना आणि नवा व्हॉल्व्ह शेजारी शेजारी उलटे, म्हणजे ताटली खाली करून, उभे करा. दांड्यांच्या टोकांवर पट्टी ठेवा. नव्याची दांडी उंच दिसली तर दुकानदाराला परत करा, बाजारात असे बरेच फिरतात. दोन्ही सारखे निघाले तर सीट प्रमाणाबाहेर खोल कापली गेली आहे. सीट खोल गेली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, दांडीचं टोक रॉकरकडे येतं आणि मधली जागा खाऊन टाकतो. इतक्या जुन्या हेडची सीट याआधीही एकदोनदा कापली गेली असणार. तुमच्या वर्णनावरून मला हेच जास्त संभवनीय वाटतं. नव्याने बसवलेलं पॅकिंग पहिल्या चारशे किलोमीटरमध्ये थोडं दबतं, हेड तेवढं खाली येतं. शेवटच्या आट्यावर टेकलेल्या टॅपेटची उरलीसुरली गॅप संपायला तेवढं पुरतं.

शिसं असलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, तेव्हापासून सीट खचतात असं कुणी तरी तुम्हाला सांगेलच. चारशे किलोमीटरमध्ये सीट खचत नाही. तो संशय बाजूला ठेवा.

इलाज एकच, सीटची नवी रिंग. हेड तापवून जुनी काढतात, नवी ठोकून बसवतात आणि मग कापतात. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरमध्ये हे काम करणारे कारागीर आहेत, साताऱ्याहून हेड पिशवीत घालून आणलंत तरी चालेल. दांडीचं टोक ग्राइंडरवर घासून भागवू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. टोकाचा कडकपणा वरच्या थरापुरता असतो. तो गेला की रॉकर तिथे खड्डा पाडतो. रिंग बसल्यावर पेस्टने हलकं लॅपिंग करा, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवा, व्हॉल्व्ह-स्प्रिंग लावा आणि पोर्टमध्ये पेट्रोल ओतून दहा मिनिटं थांबा. ताटलीच्या कडेने ओल दिसली तर परत लॅपिंग.

सेटिंग करताना इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. प्लग काढा, उजवीकडचं टॅपेटचं झाकण काढा, किक हाताने हळूहळू दाबा. इनटेकची रॉड वर जाऊन खाली आली की थोडं पुढे न्या, पिस्टन वर येईल आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील. फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) पेटीतच राहू द्या. रॉड अंगठा आणि तर्जनीत धरा आणि फिरवा. ती अडथळ्याशिवाय गरकन फिरली पाहिजे, पण वर-खाली हलवून खेळ जाणवता कामा नये. मग लॉकनट आवळा आणि पुन्हा फिरवून बघा, कारण आवळताना सेटिंग जवळपास दर वेळी सरकते. मला आजही दोन-तीनदा करावं लागतं. रॉड एका जागी मोकळी आणि अर्ध्या फेऱ्यात जड लागली तर ती वाकलेली आहे. काचेवर लोळवली की लगेच कळतं. टोकाची स्टीलची टोपी अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत ढिली झाली आहे का, तेही चिमटीत धरून बघा.

पहिल्यांदा गाडी तापवून पुन्हा गार झाली की हेडचे नट एकदा आवळा आणि मगच टॅपेट परत बघा. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा.

टॅपेट घट्ट ठेवू नका, हे मी इतक्या कळकळीने सांगतो त्याला कारण आहे. शिकाऊ होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाला आवाज आवडत नव्हता, म्हणून मी एक्झॉस्ट थोडा घट्ट केला. गाडी एकदम शांत झाली, तो खूश होऊन गोव्याला गेला. महिन्याने हेड उघडलं तर व्हॉल्व्हच्या कडेला दाताने तोडल्यासारखा अर्धगोल खाच पडलेला, आजूबाजूचं लोखंड पांढुरकं झालेलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटवर टेकूनच सोडतो. टेकला नाही की जळता गॅस त्या फटीतून जातो आणि कड कापत नेतो. तो व्हॉल्व्ह मी अजून टेबलाच्या खणात ठेवला आहे, नव्या पोराला पहिल्या दिवशी दाखवतो. बारीक टिकटिक करणारी बुलेट मला चालते. तुमच्या वडिलांच्या गाडीचा व्हॉल्व्ह जळण्याआधी तुम्ही विचारलंत, याचं समाधान वाटतं.

प्रश्न : माझ्याकडे जुनी येझदी २५० आहे. इंजिनमधून कटकट आवाज येतो. इथल्या एका गॅरेजने टॅपेट सेटिंगचे दोनदा पैसे घेतले, आवाज तसाच. काय करू?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : त्या गॅरेजमध्ये गाडी परत नेऊ नका. जुनी येझदी टू-स्ट्रोक आहे, तिच्यात व्हॉल्व्ह नाहीत, रॉकर नाहीत, टॅपेटही नाहीत. गार असताना आवाज जास्त आणि तापल्यावर कमी होत असेल तर पिस्टन बोअरमध्ये सैल झाला आहे. तापल्यावरही तसाच राहिला तर कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक आणि ते पिस्टनला जोडणारी गजनपिन तपासा. हेड आणि ब्लॉक उतरवला की दोन्ही हाताने हलवून कळतं. ब्लॉक निघालाच आहे तर एक्झॉस्टच्या तोंडातला आणि सायलेन्सरमधला कार्बनही खरवडून घ्या.