कार्बन पेस्टच्या दाबणीचा अभ्यास सुरू करताना

कार्बन पेस्ट साच्यात दाबली जाताना काय होते, याचे संगणकीय प्रारूप कसे करावे, असे आपण थेट विचारले आहे. पण माझे ऐकाल तर ते तूर्त बाजूला ठेवा आणि आधी पेस्टशी ओळख करून घ्या. ही पेस्ट अ‍ॅनोडसाठी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम विजेच्या साहाय्याने काढताना लागणाऱ्या कार्बनच्या धनाग्रासाठी वापरतात. तिच्यात असतात पेट्रोलियम कोकचे (खनिज तेल शुद्ध करताना उरणाऱ्या कार्बनयुक्त घन पदार्थाचे) लहानमोठे कण, वापरून उरलेल्या अ‍ॅनोडचा चुरा आणि या सर्वांना बांधणारे कोळशाच्या डांबराचे पिच, म्हणजे तापवल्यावर मऊ होणारा चिकट पदार्थ.

सर्वांत महत्त्वाचे आहे तापमान. पिच पुरेसे मऊ नसेल तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत. म्हणून साचा न तापवता चाचणी घेतली, तर कडेचा थर आधी आवळतो आणि हाती आलेला दाब-घनतेचा आलेख पेस्टचा की थंड साच्याचा, हे सांगणे अवघड होते. दाबण्याचा वेगही नोंदवा, कारण तोच दाब सावकाश आणि झटक्यात दिल्यास परिणाम निराळे येतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- दाब काढल्यावर ठोकळा किंचित फुगतो, तरीही दाबाखालच्या उंचीवरूनच घनता काढली जाते. दोन्ही उंची मोजा.
- सरासरी घनतेवर समाधान मानले जाते. भिंतीशी होणाऱ्या घर्षणामुळे एका बाजूने दाबलेल्या ठोकळ्याचा दूरचा भाग सैल राहतो, म्हणून तो कापून थरांची घनता स्वतंत्रपणे तपासा. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नका.
- घनता वाढावी म्हणून दाब वाढवतच नेला जातो, आणि मग कोकचे कण फुटून पिच न लागलेले नवे पृष्ठभाग उघडे पडतात.

कंपनाने होणारी दाबणी आणि तिची समीकरणे एवढे हातात बसल्यावर पाहू.